घराची ओळख आणि घराची वाट

‘तू कोण?’ आणि ‘तू कुठे राहतोस?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण पत्ता लिहिताना आपण दोन्हींची उत्तरे एकत्रच देतो. त्यातून कशी अडचण होते, हे आयर्लंडच्या उदाहरणावरून चांगले समजते.

आयर्लंडच्या खेड्यांत बहुतेक घरांना क्रमांक नाहीत. कुटुंबाचे नाव, ‘टाउनलँड’ म्हणजे वाडीचे नाव, मग जवळचे गाव आणि जिल्हा, एवढाच पत्ता. एका वाडीत एकाच आडनावाची चार घरे असली की चौघांचा पत्ता एकच! देशातील एक-तृतीयांशाहून अधिक पत्ते असे सामाईक होते. पोस्टमनला कुटुंबे तोंडपाठ, म्हणून पत्रे पोचत. पण रात्री रोग्याला आणायला निघालेल्या रुग्णवाहिकेच्या चालकाने काय करावे?

यावर उपाय म्हणून जुलै २०१५ मध्ये तेथे ‘एअरकोड’ सुरू झाला. तो सात चिन्हांचा असतो. डब्लिनच्या संसदभवनाचा कोड आहे ‘डी०२ एक्सआर२०’. पहिली तीन चिन्हे टपालाचा विभाग सांगतात. असे विभाग १३९ आहेत. ही झाली वाट. पुढची चार चिन्हे त्या विभागातील एकाच घराची. ही झाली ओळख. शेजारच्या घराचा कोड मात्र ओळीने पुढचा नसतो, अगदीच निराळा असतो. त्यामुळे दोन घरांच्या मध्ये तिसरे बांधले तरी जुने कोड बदलावे लागत नाहीत. यावर टीकाही झाली: एका घराच्या कोडवरून शेजारचे घर सापडत नाही, नोंदवही हाताशी लागतेच.

संगणकाच्या जाळ्यातही हीच अडचण आहे. तेथे प्रत्येक यंत्राचा ‘आयपी’ पत्ता ओळखही सांगतो आणि वाटही. घर जागचे हलत नाही, पण खिशातला फोन हलतो. घरच्या वायफायमधून निघून तो मोबाईल कंपनीच्या जाळ्यात गेला की त्याचा पत्ता बदलतो. पलीकडच्या यंत्राला तो परका वाटतो आणि जुन्या रीतीची जोडणी तुटते. म्हणून तज्ज्ञांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या करण्याच्या पद्धती काढल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिस्प’ पद्धतीत ओळखीचा पत्ता कायम राहतो. सध्याचे ठिकाण निराळ्या नोंदवहीत पाहायचे आणि पहिल्या पाकिटावर दुसरे पाकीट चढवून त्यावर ते लिहायचे.

आपल्याला यात नवल वाटू नये. मॉरिशसला उतरलेल्या आपल्या शर्तबंद पूर्वजांना एकेक क्रमांक मिळाला होता. उसाचा मळा बदलला, मालक बदलला, तरी क्रमांक तोच राहिला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदींतून आज त्याच क्रमांकाच्या आधारे वंशजांना आपला पणजोबा सापडतो. पण त्याच क्रमांकाने त्यांच्यावर पहाराही ठेवला. तिकीट जवळ नसलेल्या मजुराला पोलीस पकडत.

म्हणजे ओळख आणि ठिकाण वेगळे केले, की सारी सत्ता दोहोंना जोडणाऱ्या वहीत जाते. ती रुग्णवाहिकेला दार दाखवते आणि पहारेकऱ्यालाही. तेव्हा नवा क्रमांक हाती पडला की दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हा क्रमांक मी कोण ते सांगतो, की मी कुठे आहे ते? आणि ती वही कोणाच्या हाती आहे?