कॉफी: पुडीची की फिल्टरची?



आपला भाग चहाचा. पण पुणे-बेंगळुरू महामार्ग साताऱ्या-कराडवरूनच जातो, आणि कर्नाटककडची गिऱ्हाइकं कॉफी मागतात. मागच्या महिन्यात महामार्गालगत चहा-नाश्त्याचा गाडा चालवणाऱ्या एका गटाच्या बैठकीत विषय निघाला: गटातून कर्ज उचलून मोठा फिल्टर घ्यावा, की इन्स्टंटच्या पुडीवरच भागवावं?

आधी फरक समजून घेऊ. दोन्ही कॉफी एकाच बियांच्या. इन्स्टंटसाठी भाजलेल्या बिया दळून कारखान्यातच त्यांचा अर्क काढतात, तो आटवतात आणि गरम हवेत फवारून वाळवतात. उरते ती विरघळणारी पूड. म्हणजे कॉफी आधीच करून झालेली असते, आपण तिच्यात पाणी परत घालतो. उसाच्या रसाचा गूळ करतो ना? त्या गुळाचं पाणी केलं तर गोड लागतं, पण ताज्या रसाचा वास येतो का? तसंच हे. वाळवताना बराच सुगंध उडून जातो.

फिल्टरची पूड विरघळत नाही. (एका ताईंनी ती थेट दुधात उकळली, मग गाळणीभर चोथा!) स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड घालायची, कडक पाणी ओतायचं आणि १५-२० मिनिटं थांबायचं. खाली थेंब थेंब दाट अर्क पडतो, तो गरम दुधात मिसळायचा.

खरेदी करताना पाकिटाची मागची बाजू वाचाच. पुष्कळ पाकिटांत चिकोरी असते. ते भाजलेलं मूळ. रंग आणि कडवटपणा देतं, पण कॉफी नव्हे. अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं, असा नियम आहे. त्यामुळे स्वस्त पाकीट खरंच स्वस्त आहे का, ते टक्के बघूनच कळतं.

तब्येतीचं म्हणाल तर साधारणपणे इन्स्टंटच्या कपात कॅफीन थोडं कमी असतं. पण कॉफी कुठलीही असो, चहासुद्धा, जेवणाबरोबर घेतली की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. आपल्यात रक्त कमी असलेल्या बायका किती आहेत ते आपण तपासणी शिबिरात बघतोच. जेवण आणि कप यांत तासभर अंतर ठेवा, लोहाची गोळी तर चहा-कॉफीबरोबर नकोच. गरोदर बाईने दिवसाला एखाद-दुसऱ्या कपावरच थांबावं.

आता कर्जाचं. खरं सांगते, मी आधी "घ्या मोठा फिल्टर" असंच म्हणाले होते. त्यावर एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, गाडी दहा मिनिटं थांबते. गिऱ्हाईक तुमच्या थेंबाची वाट बघत बसंल व्हय?" बरोबर होतं त्यांचं. अर्क आधी काढून ठेवता येतो, पण संध्याकाळपर्यंत त्याची चव उतरते. खपला नाही तर पूड वाया.

शेवटी असं ठरलं: एकीच्या घरचा छोटा फिल्टर वापरायचा, सकाळी एकदाच अर्क काढायचा, तो संपला की पुडीची कॉफी. गिऱ्हाइकाला कुठली आहे ते सांगायचं, दरही वेगळे. पूड, दूध, साखर, गॅस धरून एका कपाचा खर्च काढायचा आणि महिनाभर कुठले किती कप गेले ते वहीत लिहायचं. कर्जाचा अर्ज पुढच्या बैठकीत, वही बघून.