झाडावरचा माळा व पांढऱ्या शेपटीचें हरीण

जोंधळ्याच्या शेतांत चार मेढी रोवून, वर फळ्या टाकून बांधलेला माळा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिला आहे. कित्येकांनीं त्यावर उभें राहून गोफणही फिरविली असेल. या माळ्याचाच एक भाऊबंद अमेरिकेंतील शेतकरी आपल्या बांधावरील झाडावर स्वतःच्या हातांनीं बांधतो, व त्यावर बसून हरिणाची शिकार करतो. तो माळा आम्हीं जवळून पाहिला, त्यावर एक संध्याकाळ बसलों, आणि तेथें जें शिकलों तें आमच्या कास्तकार बंधूंच्याही उपयोगाचें आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमची कन्या व जामात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन या संस्थानांत राहतात. गेल्या खेपेस नोव्हेंबर महिन्यांत आम्ही त्यांजकडे होतों. शेजारीं एका दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याचें शेत आहे. मका, सोयाबीन व लसूणघास हीं त्यांचीं पिकें, आणि शेताच्या दोन बाजूंस ओक वृक्षांचें रान. महसूल खात्यांत आमची उभी नोकरी पीकपाहणी व पंचनामे यांत गेली. त्यामुळें दुसऱ्याचें शेत दिसलें म्हणजे त्याच्या बांधावरून फिरून आल्याखेरीज आम्हांस राहवत नाहीं. असें फिरत असतां रानाच्या कडेच्या मक्यांत कित्येक कणसांचीं टोंकें ओरबाडून खाल्लेलीं दिसलीं. "हें कोणाचें काम?" असें आम्हीं जामातांच्या दुभाषेपणानें विचारलें. शेतकऱ्यांनीं रानाकडे बोट दाखवून हरिणाचें नांव सांगितलें, व दांत लागले असतां कणीस कसें फाटतें तेंही दाखविलें. हरिणाला वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. म्हणून तें कापीत नाहीं, धरून ओढतें.

हें हरीण आपल्या काळविटासारखें नव्हे. याच्या नराचीं शिंगें चितळासांबराप्रमाणें फांदेदार असतात, दर हिवाळ्यांत गळून पडतात व पुढें नवीं येतात. मादीस बहुधा शिंगें नसतात. शेपटी वरून तपकिरी व खालून शुभ्र. धोक्याची शंका येतांच तें शेपटी उभारून पळतें, व तो पांढरा झेंडा पाहून बाकीचीं सावध होतात. नोव्हेंबर हा त्यांचा माजाचा काळ. मादी सुमारें दोनशें दिवस गाभण राहते, आणि चारा चांगला असल्यास बहुधा जुळीं देते. ज्या शेजारीं मका व सोयाबीन आहे तेथें चाऱ्यास तोटा कसला?

याच हरिणाचा वंश एकदां बुडण्याच्या बेतांत होता, हें ऐकून आम्हांस नवल वाटलें. मांस व कातडीं यांच्या बाजारासाठीं झालेल्या बेसुमार हत्येनें १९०० सालच्या सुमारास साऱ्या देशांत तीं अवघीं पांच लाखांच्या आसपास उरलीं होतीं असा अंदाज आहे. त्याच सालीं लेसी कायदा होऊन बेकायदा मारलेल्या जनावरांचा एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत चालणारा व्यापार बंद झाला. पुढें १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या जोपासनेस लावून दिलें. आज त्यांची संख्या सुमारें तीन कोटी धरतात. लांडगे बहुतेक ठिकाणीं नाहींसे झाले आणि रान व शेत यांची सरमिसळ झाली. त्यामुळें आतां राखणाऱ्यासच राखण करण्याची पाळी आली आहे.

याविषयीं विस्कॉन्सिनमध्यें एक जुना वाद आहे. आल्डो लिओपोल्ड या नांवाजलेल्या वनविद्यापंडितांचें म्हणणें असें कीं, रानाला झेपेल त्याहून हरिणें अधिक झालीं म्हणजे तीं कोंवळीं झाडें खाऊन टाकतात व मग हिवाळ्यांत उपाशी मरतात. आणि एक नर अनेक माद्यांस पुरत असल्यामुळें नुसते नर मारून कळप कमी होत नाहीं. १९४३ सालीं माद्या मारण्यासही परवानगी देण्यांत आली, तेव्हां लोक इतके खवळले कीं त्या हंगामास 'त्रेचाळीसचा गुन्हा' असें नांव पडलें. आज मात्र मादीसाठीं वेगळा परवाना मिळतो, व तो घेणें हें शेतकऱ्यांस आपलें कामच वाटतें. बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. तो त्यांच्या आभारदिनाच्या अगोदरच्या शनिवारीं सुरू होतो. या दिवसांत शिकाऱ्यानें दुरून डोळ्यांत भरेल असा भडक नारिंगी अथवा गुलाबी पोशाख घातलाच पाहिजे. हरिणास तांबडा व नारिंगी रंग नीट ओळखतां येत नाहीं, पण माणसास येतो. त्यामुळें शिकार बिघडत नाहीं व माणूस मात्र वांचतो.

आतां झाडावर चढावयाचें कारण. या जनावराचें नाक फार तिखट आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाचा वास वाऱ्याबरोबर लगेच पोंचतो. उंचावर बसल्यास तो पुष्कळदां डोक्यावरून निघून जातो. शिवाय धोका वरून येईल अशी हरिणाची सहसा कल्पना नसते. तरीही माळा नेहमीं वाऱ्याच्या खालच्या अंगास असावा लागतो. उतारावरील रानांत संध्याकाळीं थंड हवा खालीं उतरते व सकाळीं ऊन पडल्यावर वर चढते, हें ध्यानांत घेऊन जाणते लोक सकाळचा व संध्याकाळचा माळा वेगवेगळा ठेवतात. आणखी एक मोठा लाभ असा कीं, वरून खालीं झाडलेली गोळी चुकली तरी जमिनींत शिरते. सपाट प्रदेशांत ही गोष्ट लहान नव्हे.

हें सर्व सांगून झाल्यावर शेतकरी आम्हांस एका जुन्या ओकजवळ घेऊन गेले. त्याच्या खोडांत खिळ्यांचीं डोकीं दिसत होतीं. कांहीं तर सालीनें अर्धीं गिळलीं होतीं. येथें त्यांच्या वडील बंधूंनीं बांधलेला माळा होता. दोन फांद्यांच्या बेचक्यांत खिळे ठोकून फळ्या बसविल्या होत्या, व पायऱ्याही खोडावर ठोकलेल्या लांकडी तुकड्यांच्याच. आठ वर्षें तो माळा टिकला, म्हणून कोणीं त्याकडे पाहिलें नाहीं. नवव्या वर्षीं पहांटे, फळीवर दंव गोठलें असतां, ते वर पाय ठेवतात तोंच फळी खिळ्यासकट निसटली. पंधरा फुटांवरून ते खालीं आले. आपण कोणत्या माळ्यावर बसणार हें घरीं सांगितलें नव्हतें, त्यामुळें दुपारपर्यंत कोणास पत्ता लागला नाहीं. तेव्हांपासून ते कुबड्यांवांचून चालले नाहींत. अमेरिकेंत शिकाऱ्यांस होणाऱ्या दुखापतींच्या मुख्य कारणांत माळ्यावरून पडणें हें एक आहे. हरिणाच्या शिंगांनीं असें क्वचितच कोणाचें होत असेल.

आम्हीं सवयीप्रमाणें मनांतल्या मनांत त्या माळ्याचा पंचनामा केला. दोष सरळ होता. झाड जिवंत आहे. तें जाड होतें तसा खिळा ढिला पडतो किंवा फळी फुटते. वाऱ्यानें दोन फांद्या दोन दिशांनीं हालतात व मधल्या फळीस ओढ बसते. आणि खिळ्याच्या भोंकांतून पाणी मुरून लांकूड व खोड दोन्ही कुजतात. शेतकऱ्यांनीं त्यानंतर जो माळा बांधला, त्याचे नियम आम्हीं टिपून घेतले ते असे:

(१) माळा झाडास न ठोकतां त्याच्या आडोशानें स्वतःच्या चार खांबांवर उभा करावा. लांकूड कुजूं नये म्हणून औषध दिलेलें घ्यावें, सांधे आरपार बोल्टांनीं आवळावे, व चारही बाजूंस तिरपे वासे मारावे.

(२) झाडालाच माळा टेकवावयाचा झाल्यास झाड सरळ, जाड व जिवंत असावें. पाचूसारख्या हिरव्या रंगाचा एक किडा २००२ सालीं मिशिगन संस्थानांत आढळला, व त्यानें अ‍ॅश जातीचीं असंख्य झाडें वाळविलीं. अशीं वाळलेलीं झाडें तर मुळींच धरूं नयेत. पट्टे दर वर्षीं सोडून, पाहून, पुन्हां बांधावे.

(३) फळीवर पाय घसरूं नये म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात ती तारेची जाळी ठोकावी. गालिच्याचे तुकडे घालूं नयेत. ते ओल धरतात.

(४) खांदे, छाती व मांड्या यांभोंवतीं येणारा अंगपट्टा घातल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवूं नये. नुसता कमरेचा दोर घातक आहे. त्यावर लोंबकळल्यास श्वास कोंडतो. वरपासून जमिनीपर्यंत एक जाड दोर सोडलेला असावा व त्यावर सरकणारी, परंतु झटका बसतांच आवळणारी गांठ अंगपट्ट्यास जोडावी. बसल्यावर हा बंध डोक्याच्या उंचीवर व आखूड असावा.

(५) चढतांना दोन हात व दोन पाय यांपैकीं तीन सदैव टेकलेले असावे. बंदूक हातांत घेऊन चढूं नये. ती रिकामी करून खालीं ठेवावी व वर बसल्यावर दोरीनें ओढून घ्यावी.

(६) कोणत्या माळ्यावर बसणार व केव्हां परतणार हें घरीं सांगून जावें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ते आम्हांस आपल्याबरोबर घेऊन गेले. आमच्या अंगांत नारिंगी बंडी व अंगपट्टा. आमच्यासारख्या वयस्क माणसास अंगपट्ट्याची प्रथम लाज वाटली. परंतु बारा फुटांवर पोंचून खालीं पाहतांच ती गेली. तासभर कांहींच हाललें नाहीं. मग दोन माद्या रानांतून निघून मक्यांत शिरल्या, व त्यांच्या मागून एक भला मोठा नर आला. तो टेंकाडाच्या माथ्यावर, आकाशाच्या पाठीवर, अगदीं चित्रासारखा उभा राहिला. शेतकऱ्यांनीं बंदूक उचलली, क्षणभर रोखली, आणि खालीं ठेवली. नर निघून गेला. मागाहून त्यांनीं सांगितलें कीं, त्याच्या मागें माती नव्हती. टेंकाडापलीकडे रस्ता आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं मक्याच्या कडेस एक मादी मारली. तिच्या मागें उतार होता. गोळी लागल्यावर अर्धा तास थांबून मग ते रक्ताच्या मागावर गेले, कारण जखमी जनावर लगेच हुसकल्यास दूर जाऊन वायां जातें. हरिणांस होणारा एक असाध्य झिजरोग त्या संस्थानांत २००२ पासून आढळतो. म्हणून मांस खाण्यापूर्वीं त्यांनीं डोक्याचा भाग तपासणीस पाठविला.

आमच्या बांधवांनीं यावरून बंदूक उचलावी असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें चितळ, सांबर, काळवीट यांच्या शिकारीस बंदी आहे. जनावरांनीं पीक खाल्लें असतां वनखात्याकडे ताबडतोब अर्ज देऊन पंचनामा करवून घ्यावा. तो वेळेवर झाला नाहीं म्हणून हक्काची भरपाई गमावलेले कास्तकार आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिले. परंतु राखणीचा माळा आपलाही आहे, आणि त्यावर आपण म्हातारे वडील व शाळकरी पोर यांस रात्रीं पाठवितों. त्या माळ्याच्या मेढी गेल्या सालच्याच आहेत काय? सुंभ कुजलें आहे काय? फळीखालीं वाळवी आहे काय? हंगामापूर्वीं एक दुपार काढून हें हातानें चाचपून पाहावें, वर बसणाऱ्यास एक मजबूत बंध द्यावा, आणि त्यानंतरच पाखरांची काळजी करावी. पीक गेलें तर पुढच्या सालीं पुन्हां येतें.