कंपनीची पाटी बदलली, पेन्शनचं काय?

वर्ध्याजवळच्या भूगावच्या पोलाद कारखान्याचं नाव घ्यायचं म्हटलं की माझ्या तोंडी अजूनही ‘लॉइड’च येतं. कागदावर तो आधी लॉइड्स स्टील होता, पुढे उत्तम व्हॅल्यू स्टील्स झाला आणि आता इव्होनिथ आहे. अशा कारखान्यात माणूस वीस वर्षं राबला, तर घरच्या पेटीत तीन नावांच्या पगारपावत्या निघणार. मग बाईला धास्ती पडते, की जुन्या नावाची वर्षं बुडाली का?

नुसतं नाव बदललं असेल तर बुडत नाहीत. सुनेचं नाव लग्नात बदललं म्हणून तिच्या माहेरची शाळा थोडीच पुसली जाते! कायद्याने कंपनी तीच राहते, तिची देणीही तीच राहतात. भविष्य निर्वाह निधीकडचा कंपनीचा नंबर सहसा तोच राहतो, नाव तेवढं बदलून घ्यावं लागतं, आणि ते काम कंपनीचं. आपल्या माणसाचा बारा आकडी यूएएन तर नोकरी बदलली तरी बदलत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. ती मोजताना नवी पाटी लागली म्हणून एकपासून सुरुवात होत नाही.

नाव बदलल्यावर पहिली दोन वर्षं कंपनीला पाटीवर आणि पत्रांवर नव्या नावासोबत जुनंही लिहावं लागतं. असं एखादं पत्र हाती आलं तर जपून ठेवा. दोन्ही नावं एकाच कागदावर असली की कार्यालयात फार समजावत बसावं लागत नाही.

कारखान्याचा एखादा विभागच दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर मात्र गोष्ट निराळी. तिथे यूएएन तोच, पण त्याखाली नवा सदस्य क्रमांक उघडला जाऊ शकतो. मग पासबुकात दोन खाती दिसतात. जुनं नव्यात वर्ग झालं का, जुनं सोडल्याची तारीख पडली का, हे बघावंच लागतं.

आणि आपल्या भागातला खरा घोळ ठेकेदारीचा आहे. माणूस सांगतो मोठ्या कंपनीचं नाव, पण त्याचा पीएफ भरलेला असतो ठेकेदाराच्या नंबरावर. ठेकेदार बदलला की खातं बदलतं, गेटवरची पाटी मात्र तीच. म्हणून माझं म्हणणं, पाटी वाचू नका, पासबुक वाचा. मोबाईलवर ते निघतं. नवऱ्याला वेळ नसेल तर लेकीला काढायला सांगा.

वारसाचं नाव कंपनीच्या नावासोबत रद्द होत नाही. पण लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर चालत नाही, ते नव्याने करावं लागतं. ग्रॅच्युइटीचं नामनिर्देशन वेगळं असतं, ते कंपनीच्या दप्तरात. दोन्हीकडे तुमचं नाव आहे का, हे विचारायला लाजू नका. नोकरीत असताना माणूस गेला, तर विधवेच्या पेन्शनला दहा वर्षांची अट नाही. पेन्शन योजनेत एक महिन्याचा भरणा झालेला असला तरी तिचा हक्क लागतो. ही गोष्ट कितीतरी घरांत माहीतच नसते, आणि बाई अर्जच करत नाही.

दर महिन्याच्या २७ तारखेला भविष्य निर्वाह निधीवाले जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर घेतात. जाताना यूएएन, आधार, बँकेचं पासबुक, नेमणुकीचं पत्र आणि प्रत्येक नावाची निदान एक पगारपावती घ्या. झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊन येऊ नका. २७ ला सुट्टी आली तर शिबिर पुढच्या कामाच्या दिवशी असतं.