युरोपातून थेट आपल्या आंब्याच्या झाडावर: लाल छातीचा माशीमार ओळखायचा कसा?

हिवाळ्यात बागेतल्या एखाद्या दाट झाडातून ‘टर्रर्र’ असा कोरडा आवाज आला, तर जरा थांबा. आवाज करणारा पक्षी चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा असतो. हा लाल छातीचा माशीमार, म्हणजेच रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर.

नावावर मात्र फार विसंबू नका. नारिंगी-लाल गळा फक्त प्रौढ नराचा असतो. मादी आणि पहिल्या वर्षातले नर वरून तपकिरी, खालून मळकट पांढरे दिसतात. म्हणून आधी शेपटी बघायची. काळी शेपटी, तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. फांदीवर बसला की हा पक्षी शेपटी सारखी वर उचलतो आणि तेव्हा ते पट्टे स्पष्ट दिसतात.

खरी गफलत होते ती टायगा फ्लायकॅचरशी. पूर्वी दोघांना एकच जात मानत. टायगाची चोच जवळपास पूर्ण काळी, तर याच्या खालच्या चोचीचा बुडाकडचा भाग फिकट असतो. शेपटीच्या मुळावरची पिसंही बघा: टायगामध्ये ती शेपटीपेक्षा काळीभोर असतात. शिवाय टायगा नराचा लाल रंग हिवाळ्यात बहुतेक उडून जातो, याचा टिकतो. आणि लाल गळ्याला काळी किनार असेल तर पटकन फोटो काढा! तो काश्मीर फ्लायकॅचर असू शकतो. काश्मीर परिसरात वीण करून हिवाळ्यात श्रीलंका आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात जाणारी ही जात जागतिक पातळीवर ‘असुरक्षित’ गटात आहे. अशा पक्ष्याची चुकीची नोंद झाली, तर तो नेमका कुठे हिवाळा काढतो याचं चित्रच बिघडतं.

माशीमार म्हटलं तरी हा फक्त माश्यांवर जगत नाही. पानांतले किडे टिपतो, हवेत झेप घेतो, मध्येच जमिनीवर उतरून काहीतरी उचलतो आणि परत फांदीवर.

त्याचा प्रवास तर आणखी गमतीचा. वीण मध्य आणि पूर्व युरोपापासून पश्चिम आशियापर्यंतच्या जंगलांत, बहुतेकदा जुन्या झाडांच्या ढोलीत किंवा खोबणीत. युरोपातले बरेच छोटे पक्षी थंडीत आफ्रिका गाठतात. हा मात्र आग्नेयेकडे वळून भारतीय उपखंडात येतो. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून तो दिसू लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततो. जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा जीव, आणि प्रवास हजारो किलोमीटरचा.