भर दर्यातून घरी निरोप

क्रूझचे तिकीट काढले की राहणे, दिवसभराचे खाणे, पोहण्याचा तलाव, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम हे सारे बहुधा त्यातच येते. पण ‘सुखरूप आहे’ एवढे दोन शब्द घरी कळवायचे, तर बहुतेक बोटींवर पाकीट पुन्हा उघडावे लागते. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर एका फोनपुरते इंटरनेट दिवसाला साधारण वीस ते तीस डॉलरला पडते. आठवड्याच्या सफरीचा हिशेब केला तर बारा ते अठरा हजार रुपये! घरी महिन्याकाठी तीन-चारशे रुपयांत ज्याचे भागते, त्याला हा आकडा ऐकून बोट लागायची.

मी कविता लिहिणारा माणूस, तंत्रज्ञ नव्हे. पण वाढलो रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावात. आमच्या मोहल्ल्यात बोटीवर माणूस नाही असे घर शोधावे लागते. त्यामुळे दर्यावरून येणारा निरोप किती महाग असतो, हे लहानपणापासून कानावर आहे.

तसा हा महागपणा जुनाच. १९१२ साली ‘टायटॅनिक’वरून बिनतारी निरोप पाठवायला पहिल्या दहा शब्दांचे साडेबारा शिलिंग पडत आणि पुढे दर शब्दाला नऊ पेनी. कवीलासुद्धा इतक्या काटेकोरपणे शब्द मोजता येत नाहीत! पुढे १९९९च्या सुमारास बोटींवर इंटरनेट कॅफे निघाले. तिथे शब्दांऐवजी मिनिटे मोजली जाऊ लागली. मिनिटाला पाऊण डॉलरपर्यंत दर असे आणि एक पान उघडेपर्यंत दोन-तीन मिनिटे सहज जात.

असे का होत असे? जमिनीवर आपला फोन जवळच्या मनोऱ्याशी बोलतो आणि मनोऱ्यापासून पुढे अनेक ठिकाणी जमिनीखालची केबल असते. किनारा सुटला की मनोरा सुटतो. मग उरतो तो उपग्रह. बोटीच्या माथ्यावर पांढरे घुमट दिसतात ना, त्यांच्या आत अँटेना असतात. बोट कितीही डोलली तरी अँटेनाचे तोंड उपग्रहाकडेच राहील, अशी यंत्रणा त्यात असते. पूर्वीपासून वापरात असलेले हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतात. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद.

अर्धा सेकंद म्हणजे काही फार नाही, असे आपल्याला वाटते. माझा भाचा एका क्रूझवर खोल्या आवरण्याचे काम करतो. काही वर्षांपूर्वी तो मला म्हणाला होता, ‘‘मामू, पंधरा मिनटं बोललो तर त्यातली सात मिनटं ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच जातात.’’ त्याचे कारण हेच. आपण बोलतो, पलीकडे ते उशिरा पोचते, तोवर आपल्याला वाटते की ऐकू गेले नाही. म्हणून आपण पुन्हा बोलतो आणि तेवढ्यात पलीकडून उत्तर येऊन आपल्या बोलण्यावर आदळते. त्यात बोटीच्या पोलादी भिंतींतून वाय-फाय पार जात नाही, म्हणून मजल्यामजल्यावर, बोळाबोळांत यंत्रे बसवावी लागतात. नॉर्वेच्या अरुंद खाड्यांत शिरले की डोंगरच आडवे येतात, कारण तिथून हे उपग्रह क्षितिजालगत दिसतात.

शिवाय वाटणीचा प्रश्न असतो. २०२४ साली निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या बोटीवर जास्तीत जास्त सुमारे ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी मावतात. म्हणजे हे दहा हजारांचे तरंगते गाव! अशा गावाला एकाच नळावर पाणी भरायचे म्हटल्यावर धार बारीक होणारच.

मात्र गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटले आहे. स्टारलिंकचे उपग्रह जमिनीपासून जेमतेम पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात. ते हजारोंच्या संख्येने आहेत आणि लेसर किरणांनी एकमेकांना संदेश देतात. त्यामुळे भर महासागरातही अर्ध्या सेकंदाचा तो खोळंबा जवळजवळ नाहीसा होतो. २०२२च्या ऑगस्टमध्ये रॉयल कॅरिबियनने ही सेवा आपल्या ताफ्यावर बसवण्याचे जाहीर केले. त्याच वर्षअखेरीस कार्निव्हलही त्या वाटेने निघाली.

मग दर का उतरले नाहीत? कारण बोटीवर दुसरे दुकान नसते. गावात एकाने भाव चढवला तर आपण शेजारच्याकडे जातो. भर समुद्रात शेजारी नाही. नुसता निरोप पाठवायचा तर एक दर, चित्रपट पाहायचा तर त्याहून जास्त, अशा पायऱ्याही केलेल्या असतात. अर्थात व्हायकिंगसारख्या काही कंपन्या वाय-फाय भाड्यातच धरतात. म्हणजे मनात आणले तर ते जमते.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी सांगतो. पॅकेज बोटीवर चढण्याआधी घेतले तर बहुधा स्वस्त पडते. ते किती फोनवर चालेल आणि त्यात व्हिडिओ कॉल बसतो का, हे आधी विचारावे. बोट सुटताच फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकून फक्त वाय-फाय चालू ठेवावे. नाहीतर फोन आपणहून बोटीवरचे मोबाइल नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचे बिल घरी येऊन धडकते.

प्रवाशाचा प्रश्न आठवड्याचा. पण जो सहा, आठ, नऊ महिने त्याच बोटीवर राबतो, त्याचे काय? बऱ्याच बोटींवर कर्मचाऱ्यांनाही वेगळे पॅकेज विकत घ्यावे लागते. दर प्रवाशांपेक्षा कमी असतो खरा, पण तो पगारातूनच जातो. म्हणून बोट बंदराला लागली की गोव्याचे तारवटी, कोकणातली पोरे, फिलिपिन्सचे खलाशी फुकटचे वाय-फाय शोधत बाहेर पडतात. फुटपाथवर ओळीने बसून हातातल्या फोनकडे बघून हसणारी माणसे दिसली, तर समजावे की बोट आली आहे.

हा चैनीचा मामला नाही, हे २०२०च्या फेब्रुवारीत जगाला दिसले. जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ करोनामुळे अडकून पडली. बोटीवर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. ‘आम्हाला इथून काढा’ ही त्यांच्यातल्या काहींची हाक फोनवरच्या व्हिडिओतूनच देशापर्यंत पोचली. त्या वेळी तो धागा तुटला असता तर?

समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५मध्ये मान्य केला. त्यात २०२२ साली सुधारणा झाली आणि ती २३ डिसेंबर २०२४पासून लागू झाली. माणसांशी संपर्क हीसुद्धा खलाशाची सोय मानली गेली. मालकांनी शक्य तेथवर इंटरनेट द्यावे आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असे त्यातल्या मार्गदर्शनात आले. चांगलेच झाले. पण ‘शक्य तेथवर’ कुठवर आणि ‘वाजवी’ म्हणजे किती, याचा आकडा त्यात नाही. आणि मार्गदर्शन म्हणजे सक्ती नव्हे.

तेव्हा तो आकडा आपणच विचारला पाहिजे. ज्यांचा मुलगा बोटीवर निघाला आहे, त्यांनी सही करण्याआधी एजंटाकडून पगार आणि जेवणाबरोबर इंटरनेटचीही अट लेखी मागावी. आणि ज्यांना सफरीला जायचे आहे, त्यांनी ‘वाय-फाय आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. ‘आमची खोली आवरणाऱ्या पोराला ते केवढ्याला देता?’ हेही विचारावे. गिऱ्हाईक विचारते, तेव्हा कंपनीला उत्तर द्यावे लागते.