वाळूत पुरलेला पुरावा

२०१६च्या जानेवारीत दोन किनाऱ्यांना दोन धुडं लागली. एक स्कॉटलंडच्या टायरी बेटाला, दुसरं आपल्या जुहूला. जुहूचा ब्राइड्स जातीचा देवमासा बघायला गर्दी लोटली, मोबाइलवर फोटो निघाले, मग जेसीबीने खड्डा खणून त्याला वाळूत पुरलं. बातमी तिथेच संपली. टायरीची लुलू नावाची मादी ऑर्का मात्र शवविच्छेदनाला गेली. मासेमारीच्या दोरात अडकून तिचा जीव गेला हे कळलंच, शिवाय तिच्या चरबीत दर किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी निघालं. सागरी सस्तन प्राण्यांना अपाय होण्याची सैलातली सैल मर्यादा ४१ मिलिग्रॅम धरतात. तिचं वय किमान वीस वर्षांचं, आणि अंडाशय सांगत होतं की तिला एकदाही पिल्लू झालेलं नाही. आपल्या किनाऱ्याला शवांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो त्यांची चरबी तपासण्याच्या शिस्तीचा. आणि ती शिस्त लागत नाही तोवर आपल्या समुद्रातल्या रासायनिक विषाबद्दलची सगळी चर्चा हवेतली आहे.

पीसीबी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलात वापरलेली रसायनं. पाण्यात ती विरघळत नाहीत, चरबीत मुरतात, आणि लहान माशातून मोठ्या माशात चढत जाताना प्रत्येक पायरीला दाट होतात. नराच्या अंगात ती आयुष्यभर साठतात. मादीचा साठा मात्र प्रत्येक बाळंतपणानंतर घटतो, कारण दाट, स्निग्ध दुधातून तो पिल्लाच्या पोटात जातो. पहिलटकरणीच्या पिल्लाच्या वाट्याला सर्वांत जास्त येतं. यात दिलासा कुठे असेल तर तो आकडेवारीत आहे. ब्रिटनमध्ये किनाऱ्याला लागलेल्या पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या प्राण्यांची चरबी वर्षानुवर्षं तपासली गेली आणि बंदीनंतर डीडीटी उतरलं, हे दिसलं. पीसीबीही उतरलं, पण १९९८च्या सुमारास जे अडकलं ते पुढे फारसं हललं नाही. कॅनडाच्या सेंट लॉरेन्समधल्या संकटग्रस्त बेलुगांची गोष्ट आणखी बोलकी आहे. जुनी विषं कमी होऊ लागली असतानाच, आग लागू नये म्हणून फोम आणि प्लास्टिकमध्ये घालतात ती पीबीडीई रसायनं १९९०च्या दशकात दर दोन-तीन वर्षांनी दुप्पट होत होती. एकेका शवावरून हे कळलं नसतं. ओळीने ठेवलेले नमुने होते म्हणून कळलं.

आता आपल्या किनाऱ्याकडे, भाईंदर पश्चिमेकडे वळू. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली या सगळ्या कारखानदारीच्या पट्ट्यातून, वालधुनीचं पाणी पोटात घेऊन उल्हास नदी खाली येते आणि भाईंदर-नायगावच्या मधून, पाणजू बेटाला वळसा घालून वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. मुखाच्या दक्षिणेला उत्तन, म्हणजे डोल जाळ्यांचं आणि बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचं गाव. खाड्यांची तोंडं आणि उथळ पाणी हेच हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिनचं घर. २०१७पासून आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी, माणसाचं ताट आणि संकटातला प्राणी एकाच पाण्यावर आहेत. डीडीटी तर आपल्याला परकं नाहीच. पाताळगंगेकाठी रसायनीच्या सरकारी कारखान्यात ते बनत आलं. शेतीतला त्याचा वापर १९८९ला बंद झाला, डासांसाठीचा चालू राहिला. बंगालच्या उपसागरातल्या डॉल्फिनवरचा तानाबे आणि सहकाऱ्यांचा १९९३चा अभ्यास पाहा: त्यांच्या चरबीत पीसीबीपेक्षा डीडीटी जास्त होतं. युरोपचा आलेख उचलून इथे चिकटवता येत नाही, तो यासाठी.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. निळा देवमासा किंवा ब्राइड्स बारीक जीव आणि छोटे मासे खातो, त्याच्या अंगात ऑर्काइतकं विष साठत नाही. मान्य. म्हणून तर डॉल्फिन आणि पॉरपॉइजची शवं जास्त मोलाची, आणि नेमकी तीच कुणी बघायला जात नाही. दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे हे प्राणी जाळ्यांनी आणि जहाजांच्या धडकेने मरतात, रसायनांचं काय घेऊन बसलात? जाळ्यांचा धोका खरा आहेच. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. पण लुलूही दोरातच मेली होती. दोराने एक जीव गेला; शवविच्छेदन झालं नसतं तर तिची न जन्मलेली पिल्लं कुठल्याच मोजदादीत आली नसती. ओमानजवळ शंभरच्याही खाली मोजलेल्या अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशांसारख्या कळपाला अशी तूट परवडत नाही. त्यांच्यातलीच लुबान नावाची मादी २०१७ला समुद्र ओलांडून गोव्यापर्यंत आली होती, तेव्हा तो कळप फक्त ओमानचा म्हणून सोडून देता येणार नाही. तिसरा आक्षेप असा, की बंदी तर आलीच आहे. पीसीबीबाबत भारताचा आदेश २०१६चा आहे, पण जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल आदेशाने नाहीसं होत नाही. बंदी लागू पडली की नाही, हे सांगायला आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे लागतात.

खर्चाची सबबही टिकत नाही. महागडी तपासणी नंतर होऊ शकते. आधी लागतो तो ताज्या शवाच्या पाठीवरून कापलेला तळहाताएवढा तुकडा, कातडीपासून स्नायूपर्यंतची चरबी अखंड असलेला, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेला, कारण प्लास्टिकमधलीच रसायनं नमुन्यात उतरतात. त्यावर प्रजात, लिंग, लांबी, जागा आणि तारीख. मग डीप फ्रीझर. वनखात्याच्या कांदळवन कक्षाची माणसं शवापाशी पोचतातच. व्हेलची उलटी विकायला निघालेला पकडला की आपली यंत्रणा तो ऐवज प्रयोगशाळेत पाठवून खरा की खोटा ते काढते, मग चरबीच्या तुकड्यालाच ती वाट बंद का असावी?