जोडीदाराला ‘ब’ कावीळ असेल तर उभयतांनी काय करावे?



कावीळ म्हटली की आपल्याकडे लोक म्हणतात, “पाणी बाधलं.” दूषित पाण्याने होणारी कावीळ वेगळी. ती बहुधा काही आठवड्यांत बरी होते. परंतु रक्तावाटे व पती-पत्नीच्या संबंधातून लागणारी दुसरी एक कावीळ आहे. तिला हिपॅटायटीस ‘ब’ म्हणतात. कोणी पांढरी कावीळही म्हणतात. हिचे विषाणू यकृतात वर्षानुवर्षे दडून राहतात. डोळे पिवळे दिसत नाहीत, माणूस शेतात राबत असतो आणि आत यकृत खराब होत जाते. पुढे जलोदर किंवा यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. पुष्कळांना हे कळते ते गरोदरपणाच्या तपासणीत किंवा रक्तदानाच्या वेळी.

दोष कोणाचा?

रिपोर्ट आला की घरात संशय शिरतो. सुनेला माहेरी धाडण्यापर्यंत गोष्ट जाते. असे करू नका. ही लागण अनेकदा जन्मतःच आईकडून किंवा लहानपणी झालेली असते. जन्मतः लागण झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९० बाळांत ती कायम राहते; मोठेपणी लागण झालेल्या १०० जणांत पाचांहून कमी जणांत. तेव्हा रिपोर्टवरून कोणाचे चारित्र्य ठरत नाही.

कशाने लागते, कशाने नाही?

रक्त, शरीरसंबंध, वापरलेली सुई आणि दाढीचे पाते यांतून ही लागते. २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने हिची मोठी साथ आली व अनेकांचे प्राण गेले. म्हणून इंजेक्शन घेताना नवी सुई डोळ्यांसमोर फोडायला सांगा. जत्रेत गोंदवून घेतानाही सुई नवी आहे ना, हे पाहा. घरात दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश व नखे काढायचे साधन ज्याचे त्याने वेगळे ठेवावे. जखम झाकून ठेवावी.

एका ताटात जेवल्याने, एका घागरीचे पाणी प्याल्याने, शेजारी झोपल्याने किंवा खोकल्याने ही लागत नाही. आजारी माणसाचे ताट-तांब्या वेगळे करू नका.

निरोगी जोडीदाराने काय करावे?

पहिली गोष्ट, आपले रक्त तपासून घ्यावे. लागण नसेल आणि पूर्वीचे संरक्षणही नसेल, तर लगेच लस सुरू करावी. लसीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासले की संरक्षण तयार झाले की नाही ते कळते. तोवर प्रत्येक वेळी निरोध वापरावा.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तांबी, गोळ्या किंवा नसबंदी यांनी दिवस राहणे टळते, रोग टळत नाही. “ऑपरेशन झालंय, आता निरोध कशाला?” असे म्हणू नका. दोन्ही कामे करतो तो फक्त निरोध.

आपल्या कळंब, भूम, वाशी भागातून पुष्कळ जोडपी ऊसतोडीला जातात. त्यांनी पहिला डोस अक्षय तृतीयेच्या सुमारास घेतला, तर तिसरा दिवाळीच्या सुमारास, गाव सोडण्यापूर्वी घेता येतो. एखादा डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला घ्यावा. कार्ड मात्र जपून सोबत ठेवा.

मूल हवे असेल तर?

जरूर होऊ द्या, पण डॉक्टरांना आधी सांगून. लस गरोदर स्त्रीलाही चालते. आईला लागण असेल तर बाळंतपण दवाखान्यातच करावे. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि सोबत संरक्षक इंजेक्शन मिळाले पाहिजे. काही मातांना शेवटच्या महिन्यांत गोळ्याही द्याव्या लागतात. बाळाला लस दिल्यावर आईने अंगावर पाजण्यास हरकत नाही.

ज्याला लागण आहे त्याने

दारू पूर्ण बंद करावी. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन, माळ घालून किंवा नाकात औषध टाकून हा विषाणू जात नाही. प्रत्येकालाच गोळ्या लागतात असे नाही, पण तपासणी वेळोवेळी करावी लागते. गोळ्या सुरू झाल्या तर मनाने बंद करू नयेत. आजार एकदम उसळतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात.

गावच्या आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला विचारा. त्या प्राथमिक आरोग्य केंद्राची किंवा धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवतील. जाताना दोघांनी मिळून जा. एकाचा रिपोर्ट म्हणजे दोघांचे काम.

तपासणी दोघांची, लस निरोग्याची, काळजी घराची!